कानसेनने पास केलेली गाडी

माझ्या दुकानाची आणि त्याच्या गॅरेजची भिंत एकच. एकतीस वर्षं मी अलीकडे बसून गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतोय आणि पलीकडची ठोकाठोक ऐकतोय. या माणसाला मी आतून-बाहेरून ओळखतो, असं परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. आता कुणी विचारलं तर विषय बदलतो.

त्याला सगळे कानसेन म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की सौदा पक्का करण्याआधी ती कानसेनच्या दारात यायची. तो मालकाला लांब उभं करायचा, इंजिन चालू ठेवायला लावायचा आणि हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर काढायचा. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. मग सगळीकडे चिडीचूप. मीसुद्धा मशीन थांबवायचो, कारण एकदा थांबवलं नाही तर त्याने भिंतीवर पाना फेकून मारला होता. दोन-तीन जागी टोक फिरवून झालं की डोळे उघडायचे आणि एकच शब्द बोलायचा: "घे," नाहीतर "नको." कारण विचारलेलं खपत नसे. आणि लेकाचा चुकतही नसे. त्याने "नको" म्हटलेली गाडी एका बेकरीवाल्याने हट्टाने घेतली. तिसऱ्या महिन्यात ती दोरीने ओढत परत आली, तेव्हा कानसेन दारात उभा राहून पाव खात होता, त्याच बेकरीचा.

नव्या गाड्यांवर त्याचा दात होता. "नवी गाडी म्हणजे पहिल्या भेटीतला माणूस," म्हणायचा. "गोडच बोलणार. चार वर्षं दुसऱ्याच्या घरी नांदू दे, मग खरं काय ते कळतं." त्याच्या हिशेबाने सगळ्यात उत्तम गाडी म्हणजे एकाच हातातली, कमी चाललेली, सावलीत उभी असलेली. आणि अशा उभ्या गाडीसाठी त्याचा एक नियम होता. तो त्याने पत्र्याच्या पाटीवर लाल रंगात लिहून गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर ठोकला होता: "उभी असो की चालती, टाकी भरलेली ठेवा." टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतलं पाणी पत्र्याला धरतं आणि गंज चढतो. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. आमच्या बाजूच्या निम्म्या लोकांना ती पाटी तोंडपाठ आहे.

गेली दोन-अडीच वर्षं मात्र तो फार भाव खायला लागला होता. मी भिंतीवर ठोकून चहाला हाक मारली तर ओ द्यायचा नाही. स्वतः जाऊन समोर उभा राहिलो की मग, "अरे, शिंपीबुवा, तू कधी आलास?" रेडिओ असा लावायचा की मला माझं मशीन ऐकू येईना. एक गोष्ट मात्र मला बरी वाटायची. पूर्वी गाडीच्या मालकाला तोंड उघडू न देणारा हा माणूस आता त्याला शेजारी घेऊन चौकशी करायचा: चढावर दम लागतो का, सकाळी लवकर सुरू होते का, स्टिअरिंग थरथरतं का. सगळं विचारून झालं की मग स्क्रू-ड्रायव्हर. मला वाटायचं, वयाने माणूस मऊ झाला. माझ्या जावयाची गाडीही त्याने अशीच चौकशी करून गेल्या वर्षी पास केली. चार महिन्यांत तिचं इंजिन बसलं, तेव्हा मी जावयाला चारचौघांत बोललो, की तुला गाडी चालवायची अक्कल नाही.

कानसेनच्या घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. मुलगी नर्स आहे, पण दवाखान्यात बसणारी नव्हे, घरोघरी जाणारी. अंथरुणाला खिळलेली माणसं, ऑपरेशन होऊन घरी आलेली माणसं, यांची इंजेक्शनं, पट्ट्या, नळ्या हे सगळं तिच्याकडे. सकाळी सहाला निघते ती दिवेलागणीला परतते. दिवसाला दीडशे किलोमीटर तरी होतात, त्यात शेवटी टेकडीवरची वस्ती. तिथे सगळ्यात वरच्या घरात दूधगाडीचा एक म्हातारा ड्रायव्हर राहतो. साखरेने त्याच्या पायाची दोन बोटं नेली, उरलेल्या पायाला रोज पट्टी लागते. रोज म्हणजे रोज. हे मला माहीत असण्याचं कारण, ती दुपारी कधीमधी माझ्या कापायच्या टेबलावर डबा उघडून बसते आणि मी विचारलं नाही तरी सांगते.

तिची पेट्रोलची जुनी गाडी त्या चढावर तापून तापून शेवटी संपली. आता विजेचीच घ्यायची, असं तिने ठरवलं. तिच्या कार्यालयाच्या आवारात रात्रभर गाडी चार्जिंगला लावायची सोय आहे. प्रश्न एवढाच होता, नवी की जुनी. ती माहितीपत्रक घेऊन आली तेव्हा कानसेन माझ्याच दुकानात होता.

"नवी घेते, बाबा," ती म्हणाली. "बॅटरीची आठ वर्षांची हमी आहे. वस्तीवर चार्जिंग नाही, मला मध्येच अडकून चालायचं नाही."

तो माहितीपत्रकाकडे बघत होता. तिने ते खाली ठेवून पुन्हा सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग बाप कशाला ठेवलाय? शोभेला?"

"तसं नाही हो."

"सगळ्या जगाने माझ्या शब्दावर गाड्या घेतल्या. आणि माझी मुलगी चकचकीत कागद वाचून घेणार. लोक काय म्हणतील? कानसेनच्या घरीच त्याला कुणी विचारत नाही."

"पण विजेच्या गाडीत ऐकायचं असतं काय, बाबा?"

त्याने माहितीपत्रक उचलून पालथं ठेवलं. मग म्हणाला, "ते तू मला शिकवू नकोस," आणि उठून गेला. मला तेव्हा त्याचा राग आला. एवढी गुणी मुलगी, स्वतःच्या पगारातून हप्ते फेडणार, आणि याला आपल्या मोठेपणाची पडलेली. पण दोघांच्या मध्ये पडायचं कोण? मी मूग गिळून कापड कापत राहिलो.

दुसऱ्याच दिवशी तो मास्तरांचं नाव घेऊन आला. मास्तर म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेले, कानसेनचे जुने गिऱ्हाईक. चार वर्षांपूर्वी त्यांनी विजेची गाडी घेतली होती आणि त्यानंतर लगेच त्यांची बायको आजारी पडली. गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांच्या शेवटच्या महिन्यांत रोज घरी जाऊन त्यांचं सगळं केलं होतं ते कानसेनच्याच मुलीने. गाडी तिला हवी आहे म्हटल्यावर मास्तर म्हणाले, जी किंमत तुम्ही ठरवाल ती. गाडी चालली होती जेमतेम सहा हजार किलोमीटर. एक हात, सावली, कमी वापर. कानसेनच्या नियमात याहून उत्तम गाडी असूच शकत नव्हती.

गाडी आली तेव्हा पाच-सहा लोक जमले. कानसेन विजेच्या गाडीला काय करतो, याची मलाही उत्सुकता होती. त्याने मास्तरांना शेजारी घेतलं, चार प्रश्न विचारले. मग पुढचं झाकण उघडलं, आत कुठे काय आहे हे जरा शोधलं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरच्या डब्यावर टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. मास्तरांनी आत बसून चाकं जॅकवर फिरवली. मी मशीन थांबवलं होतं. बाहेर चिडीचूप, आतही चिडीचूप. तीन जागी टोक फिरलं.

"घे," तो म्हणाला.

मुलगी त्याच्याकडे बघत होती. तिला हसावं की काय करावं कळत नसावं. पण बापाचा चेहरा इतका उजळला होता, की तिने मान डोलावली. लोक पांगले. कितीतरी दिवसांनी तो आपण होऊन माझ्याकडे चहाला आला.

सौदा आठवड्याने पुरा व्हायचा होता. तोवर मुलीने गाडी दोन दिवस फिरवून पाहिली आणि मग माझ्याकडे आणून लावली, कव्हरांसाठी. मी जुनी कव्हरं काढली. ड्रायव्हरची सीट जरा दबलेली, बाकी सगळ्या कोऱ्या. मागच्या सीटवर कारखान्यातलं प्लॅस्टिक अजून तसंच. मी म्हटलं, "नशीबवान आहेस पोरी, ही तर नवीच आहे."

तिने दाराकडे एकदा पाहिलं आणि पर्समधून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. टॅक्सी डेपोत विजेच्या टॅक्सींची तपासणी करतात, तिथे जाऊन तिने गुपचूप गाडी दाखवली होती. स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं की बॅटरीची तब्येत कागदावर येते. कागदावर चौऱ्याहत्तर टक्के लिहिलं होतं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे गाडी शंभर दाखवते, पण भांडंच आटलंय, काका. काठोकाठ भरलं तरी पूर्वीच्या चार हिश्शांतले तीनच मावतात. सत्तरच्या खाली गेली असती तर कंपनीने बदलून दिली असती. चौऱ्याहत्तरला नाही देत."

"पण सहा हजार किलोमीटरमध्ये?"

"चालवून नाही झालं. तपासणीवाली म्हणाली, ही गाडी कुणीतरी वर्षानुवर्षं शंभरावर भरून, तापलेल्या जागी उभी ठेवली आहे. बॅटरीला तेच सोसत नाही. अर्ध्यावर ठेवली असती तर काही झालं नसतं."

मला ती पाटी लगेच आठवायला हवी होती. नाही आठवली. मी एवढंच म्हटलं, "मग बापाला सांग आणि सोड नाद."

"नाही सांगायचं. तुम्हीही नाही सांगायचं." तिने कागद परत घेतला. "त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहिलात ना? दोन वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं मी. घरी बोलत नाहीत, चिडचिड करतात, टीव्ही मोठा लावून बसतात. त्यांच्या शब्दावर माझी गाडी आली, एवढं एक त्यांच्याकडे राहू दे."

"आणि वरची वस्ती?"

"रोज तिथवर चढायला चार्ज पुरणार नाही. खालची चार घरं होतील. दूधवाल्या काकांकडे एक दिवसाआड जाईन."

"आणि त्यांचा पाय?"

सीटच्या शिवणीतून निघालेला एक दोरा ती बोटाला गुंडाळत बसली. मग डबा न उघडताच निघून गेली.

मी चार दिवस ते पोटात ठेवलं. कव्हरं शिवताना तीन सुया मोडल्या. मला त्या दूधवाल्याचं तोंडही माहीत नाही, पण त्याचा पाय माझ्या डोळ्यांपुढून हलेना. एकीकडे जिवाभावाच्या मित्राची लाज, दुसरीकडे कुण्या परक्याचा पाय. आणि निवाडा करणारा कोण, तर मी, ज्याला घरी भाजी कुठली आणायची तेही विचारत नाहीत.

सौदा पुरा व्हायच्या दिवशी सकाळी मास्तर किल्ल्यांचा दुसरा जोड आणि कागदपत्रं घेऊन आले. मुलगी पहिल्या रुग्णाकडे जाऊन यायची होती. मास्तरांनी नव्या कव्हरांवरून हात फिरवला आणि कानसेनला म्हणाले, "तुम्ही सांगितल्याप्रमाणे ठेवली होती हं गाडी. चार वर्षं एक दिवस चार्जर काढला नाही. कायम शंभर."

कानसेनने मान हलवली. मास्तर माझ्याकडे वळून सांगू लागले, "हिला कधीही दवाखान्यात न्यावं लागेल, म्हणून भरूनच ठेवायचो. पाटीवरचं वाक्य डोक्यात पक्कं होतं. शेवटी तिला न्यायला अँब्युलन्सच आली, तो भाग वेगळा. ती गेल्यावरही चार्जर काढावासा वाटेना." मग मुलीला आशीर्वाद सांगा म्हणाले आणि पायीच घरी गेले.

मी गॅरेजच्या भिंतीकडे पाहिलं. लाल अक्षरं. ज्या माणसाच्या शब्दावर गाडी घ्यायची, त्याच माणसाच्या शब्दाने ती बिघडली होती. बरं, त्याने सांगितलं होतं ते पेट्रोलच्या टाकीबद्दल, यात त्याचा काय दोष? मास्तरांचा तरी काय?

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. डेपो, कागद, चौऱ्याहत्तर, मास्तरांचा चार्जर, वरची वस्ती, दूधवाल्याचा पाय. मुलीला दिलेला शब्द मोडतोय हेही सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत ऐकत होता. पाना फेकेल म्हणून मी जरा सावरूनच उभा होतो. पण तो नुसता मागच्या स्टुलावर बसला आणि पाटीकडे पाहत राहिला.

"मास्तरांना मी सांगेन," मग म्हणाला. "पाटी माझी आहे."

मला त्याची दया यायला हवी होती, पण राग आला. मी म्हटलं, "आणि तो स्क्रू-ड्रायव्हर? पाच माणसांसमोर डोळे मिटून 'घे' म्हणालास. काय ऐकलंस तेव्हा?"

"काही नाही."

"अरे, विजेच्या गाडीत काही नसतंच ऐकायला, पोरगी तेच सांगत होती—"

"कुठल्याच गाडीत नाही," तो म्हणाला. "अडीच वर्षं झाली. डावा आधी गेला, मग उजवा. समोर असलास की ओठांवरून कळतं. मागून काही नाही."

मी उभाच राहिलो. भिंतीवर ठोकून मारलेल्या हाका, मोठ्याने लावलेला रेडिओ, मालकांची गोड चौकशी, सगळं एकदम माझ्यापुढे आलं. जावयाची गाडी आली. अडीच वर्षं मी या माणसासाठी मशीन थांबवत होतो.

"मग पोरीला तरी का अडकवलंस रे?" मी विचारलं.

तो स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन फडक्याने पुसू लागला. "बाकीच्या गाड्यांना मी रोज घाबरतो," म्हणाला. "त्या बोलतात आणि मला कळत नाही. विजेच्या गाडीत ऐकायचंच काही नसतं. म्हटलं, एवढ्या एका गाडीत तरी मी चुकणार नाही. आणि ती पोरीची असेल."

तेव्हा मला दिसलं, त्याच्या मागे दारात मुलगी उभी होती. खांद्याला औषधांची पिशवी. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, की पुरेसं ऐकलं होतं.

"बाबा," ती म्हणाली.

तो फडकं फिरवत राहिला.

"बाबा," ती जरा मोठ्याने म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, हळूच, "जेवताना माझ्या तोंडाकडे बघत बसायचे हो, काका. दिवसभर मी लोकांचे बाप बघते. मला वाटायचं, मी दमलेली दिसते म्हणून काळजीने बघतात."

मी त्याच्या खांद्यामागे बोट दाखवलं. तो वळला, तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. पिशवी खाली ठेवून ती त्याच्या पुढ्यात, स्टुलासमोर उकिडवी बसली, चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येईल अशी, आणि रुग्णांशी बोलते तशी एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, मी नवी घेऊ?"

तो तिच्या ओठांकडे बघत होता. स्क्रू-ड्रायव्हर त्याने माझ्याकडे दिला.

"घे," तो म्हणाला.